फिजिक्स की बायोफिजिक्स? इंदुरातल्या बारावीच्या घरांतून येणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की रामबागेतल्या आमच्या ओट्यावर चपलांची गर्दी होते. सव्वीस वर्षं बीएस्सीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं, आता घरीच असते, तेव्हा हिच्याकडे वेळ असणार असं लोक धरून चालतात. असतोही. पण पूर्वी एकच प्रश्न यायचा, 'इंजिनिअरिंग की बीएस्सी?' आता त्याच्या जोडीला दुसरा आलाय: 'मुलीला फिजिक्स आवडतं आणि बायोही सोडवत नाही, मग काय?' तेच उत्तर दर जूनमध्ये दहा घरांना सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलं. प्रश्न ज्यांनी विचारले त्यांच्याच शब्दांत ठेवलेत.

मावशी, बायोलॉजिकल फिजिक्स म्हणजे थोडं फिजिक्स आणि थोडं बायो, असंच ना?

नाही. मिसळीत फरसाण टाकावं तसं ते नाही. प्रश्न जीवशास्त्रातला असतो, पण तो सोडवायची पद्धत भौतिकशास्त्राची असते. एक नमुना देते.

पाण्यात पोहणारा जिवाणू घे. एक-दोन मायक्रॉन लांबीचा, सेकंदाला वीस-तीस मायक्रॉन वेगाने जाणारा. त्याने शेपटी फिरवणं थांबवलं तर तो किती पुढे सरकेल? तू तरणतलावात हात मारायचे थांबवलेस तरी मीटरभर पुढे जातेस. जिवाणू अणूच्या जाडीपेक्षाही कमी अंतरात थांबतो. त्याच्या मापाला जडत्व नावालाच उरतं, सगळा कारभार चिकटपणाचा. त्याच्यासाठी साधं पाणी जिलबीच्या पाकाहून कितीतरी घट्ट. म्हणून माशासारखी शेपूट इकडून तिकडे हलवून त्याला पुढे जाताच येत नाही. जेवढं पुढे जाईल तेवढंच मागे येईल. त्याला मळसूत्रासारखी शेपटी गोल फिरवावी लागते. शेपटी तशी का, याचं उत्तर जीवशास्त्राच्या वहीत सापडत नाही, ते द्रवगतिकीच्या समीकरणात आहे.

दुसरा नमुना आकड्यांचा. पेशीत माल वाहून नेणारं कायनेसिन नावाचं प्रथिन आहे. ते ८ नॅनोमीटरचं एकेक पाऊल टाकत चालतं, एका पावलाला एटीपी या पेशीतल्या इंधनाचा एक रेणू खर्चून. मागे ओढणारं बल सुमारे ६ पिकोन्यूटनपर्यंत पोचलं की ते अडतं. म्हणजे एका पावलात जास्तीत जास्त ४८ पिकोन्यूटन-नॅनोमीटर काम. एटीपीतून मिळणारी ऊर्जा साधारण ८० ते १००. म्हणजे निम्म्याच्या आसपास ऊर्जा कामी लागली. आपल्या स्कूटरच्या इंजिनाला हे जमत नाही. आणि हे सगळं चाललेलं असताना चहूबाजूंनी पाण्याचे रेणू त्याला धक्के देत असतात, तेही सुमारे ४ पिकोन्यूटन-नॅनोमीटरच्या मापाचे. एवढ्या धक्काबुक्कीत ते एकाच दिशेने कसं चालतं?

हा प्रश्न वाचून तुझा हात कागद-पेन्सिलीकडे गेला असेल तर पुढचं वाच. 'बरं, चालतं ना, मग झालं' असं वाटलं असेल तरी वाच, पण तुझं उत्तर बहुधा वेगळं निघेल.

बायोफिजिक्स, बायोलॉजिकल फिजिक्स, मेडिकल फिजिक्स, बायोमेडिकल. ही एकाच वस्तूची नावं आहेत का?

पहिली दोन जवळपास एकच. भौतिकशास्त्राच्या विभागात राहणारे लोक 'बायोलॉजिकल फिजिक्स' म्हणतात, जीवशास्त्राच्या किंवा रसायनाच्या बाजूने आलेले 'बायोफिजिक्स'. मराठीत दोन्हीला जीवभौतिकी. मेडिकल फिजिक्स हा मात्र वेगळा व्यवसाय आहे: कॅन्सरच्या रुग्णाला किरणोत्सर्गाचा डोस किती, कुठे आणि कसा द्यायचा ते मोजणारा माणूस. बायोमेडिकल ही इंजिनिअरिंगची शाखा, व्हेंटिलेटर आणि ईसीजीची. बायोइन्फॉर्मॅटिक्स म्हणजे जनुकांच्या माहितीवर कॉम्प्युटरने काम. घरातले काका ही सगळी नावं एका दमात घेतात. त्यांना चहा द्यावा आणि फॉर्म आपण भरावा.

दोन्ही पदव्यांच्या अभ्यासक्रमात नेमका फरक कुठे पडतो?

मला विचाराल तर सगळा निर्णय या एका प्रश्नावर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिलं वर्ष बहुतेक सारखंच असतं. यांत्रिकी, वीज-चुंबकत्व, कॅल्क्युलस, रसायन, प्रॅक्टिकल. फाटा फुटतो तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरपासून. शुद्ध फिजिक्सच्या पदवीत क्वांटम मेकॅनिक्सचे दोन पेपर, इलेक्ट्रोडायनॅमिक्सचे दोन, लाग्रांजवाली क्लासिकल मेकॅनिक्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, सॉलिड स्टेट, न्यूक्लिअर आणि पार्टिकल, मॅथेमॅटिकल मेथड्स, इलेक्ट्रॉनिक्स अशी रांग लागते. जीवभौतिकीच्या पदवीत त्याच खुर्च्यांवर सेंद्रिय रसायन, बायोकेमिस्ट्री, पेशीशास्त्र, आनुवंशिकी, सूक्ष्मदर्शनाचं तंत्र येऊन बसतात. दिवस मात्र चोवीस तासांचाच आणि सेमिस्टर पाच-साडेपाच महिन्यांचंच. म्हणजे काही आलं की काही जाणारच.

लोक माहितीपुस्तिका उघडतात आणि काय मिळतंय ते वाचतात. मी म्हणते, काय वगळलंय ते वाचा. नवे विषय मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, गेलेल्यांचा उल्लेख कुठेच नसतो.

न्यूक्लिअर-पार्टिकलचा पेपर गेला तर जीवभौतिकीत जाणाऱ्याचं फार बिघडत नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा दुसरा पेपर गेला तरी चालेल. सॉलिड स्टेटबद्दल मी स्वतः दोन मनांची आहे, कारण क्रिस्टलवरून एक्स-रे कसे वळतात ते तिथेच नीट समजतं आणि प्रथिनांची रचना काढायला तेच लागतं. पण स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स वगळलं असेल तर तो कोर्स जीवभौतिकीचा नाहीच, नाव काहीही असो. पेशीतलं सगळं धक्काबुक्कीत घडतं आणि धक्काबुक्कीचा हिशेब मांडणारा विषय हाच. डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जेब्रा नसेल तरीही तेच. क्वांटमचा पहिला पेपर हवा, दुसऱ्याशिवाय भागतं.

मी स्वतः शिकत असताना आमच्या कॉलेजात 'बायोफिजिक्स' नावाचा एक ऐच्छिक पेपर होता. आम्ही पाच जणींनी हौसेने घेतला. वर्षभर सरांनी जुन्या वहीतून उतरवून दिलं: डोळ्याची रचना, कानाची रचना, रक्तदाब कसा मोजतात. एक गणित नाही, एक ग्राफ नाही. परीक्षेत आकृत्या काढून पास झालो. त्या वर्षापासून मी कोर्सच्या नावावर विश्वास ठेवायचं सोडलं.

इंदुरात 'बीएस्सी बायोफिजिक्स' कुठे मिळेल?

या नावाची पदवी देशातच फार थोड्या ठिकाणी आहे. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात बायोफिजिक्सचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे बीएस्सी ऑनर्सपासून शिकवतात. बाकी बरीच नावाजलेली ठिकाणं एमएस्सीपासून सुरू होतात: दिल्लीचं एम्स, मुंबई विद्यापीठाचा विभाग, मद्रास विद्यापीठ.

इंदूरच्या मुलांसमोर प्रत्यक्षात तीन वाटा असतात. पहिली, इथेच राहून फिजिक्स मेजरची, म्हणजे फिजिक्स मुख्य विषय असलेली, बीएस्सी. होळकर सायन्स कॉलेज १८९१ पासून आहे. आमच्या पिढीतल्या निम्म्या मराठी घरांतलं कोणीतरी भंवरकुव्याच्या त्या दगडी इमारतीत शिकलेलं असतंच. दुसरी, आयसर, नायसर किंवा बेंगळुरूच्या आयआयएस्सीसारख्या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेत चार-पाच वर्षांचा कोर्स. तिथे सुरुवातीला भौतिक, रसायन, जीव, गणित सगळंच शिकतात आणि मेजर नंतर निवडतात. आपल्याला सर्वांत जवळचं भोपाळचं आयसर, २००८ पासूनचं, बसने चार तासांवर. तिसरी वाट परदेशाची, जिथे 'बायोलॉजिकल फिजिक्स' असं नाव लिहिलेली पदवी बऱ्याच कॉलेजांत मिळते.

ज्या मुलाचं मन खरंच दोन्हीकडे ओढतंय त्याने दुसऱ्या वाटेसाठी जीव तोडून प्रयत्न करावा. बारावीच्या सुट्टीत घेतलेला निर्णय आणि कॉलेजात दीड वर्ष काढून घेतलेला निर्णय यांत फार अंतर असतं.

नवीन शिक्षण धोरणात मेजर-मायनर आहे ना? मग मेजर फिजिक्स आणि मायनर बायो घेतलं की झालं!

मध्य प्रदेशात हे २०२१ पासून आहे, तेव्हा आता ते नवीन राहिलं नाही. कागदावर कल्पना उत्तम. प्रत्यक्षात मायनर, म्हणजे दुय्यम विषय, कोणतं मिळेल हे कॉलेजच्या वेळापत्रकावर ठरतं. फिजिक्सचं प्रॅक्टिकल आणि झूलॉजीचा तास एकाच वेळी आला की धोरण तिथेच संपतं. ई-प्रवेश या सरकारी पोर्टलवर पर्याय भरण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा: ही जोडी मागच्या वर्षी कोणाला मिळाली होती का? मिळाली असेल तर त्या मुलाला भेटा.

आणि मायनर बायो घ्यायचंच असेल तर वर्गीकरणाची लांबलचक यादी पाठ करायला लावणारा पेपर टाळा. पेशीशास्त्र, बायोकेमिस्ट्री, आनुवंशिकी यांपैकी काही मिळालं तर बघा. ते मिळत नसेल तर मायनर गणित किंवा रसायन घ्या आणि बायो घरी वाचा. गणित घरी बसून वाचता येत नाही, बायो येतं. झूलॉजीच्या आमच्या मैत्रिणी यावर रागावतील, पण माझा अनुभव हाच.

परदेशी कॉलेजांच्या पानांवर लिहिलेलं असतं की डॉक्टर व्हायचं असेल तर बायोलॉजिकल फिजिक्स घ्या.

तिकडे खरं आहे. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकलची प्रवेश परीक्षा. त्यामुळे फिजिक्स आवडणारी, पण डॉक्टर व्हायचं ठरवलेली मुलं हा कोर्स घेतात, कारण त्यात जीव-रसायनाचे आवश्यक विषय आपोआप होतात. आपल्याकडे मेडिकल बारावीनंतरच, नीटमधून. ते कारण इथे लागू नाही. त्या पानांवरचा निम्मा सल्ला या एका फरकामुळे आपल्यासाठी रद्द होतो.

फिजिक्स करून नंतर बायोकडे जाता येतं, उलटं येत नाही, असं म्हणतात. खरं का?

बरंचसं खरं. पण ज्या उदाहरणांवर हे सांगतात तीही नीट बघावीत.

वेंकटरामन रामकृष्णन आपल्या शेजारच्या बडोद्याचे. वडील विद्यापीठात बायोकेमिस्ट. मुलाला मेडिकलला प्रवेश मिळालेला होता, पण नॅशनल सायन्स टॅलेंट शिष्यवृत्ती मिळाली म्हणून त्याने फिजिक्स घेतलं. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१ मध्ये बीएस्सी, अमेरिकेत १९७६ मध्ये फिजिक्समध्येच पीएचडी. आणि मग काय केलं? पुन्हा विद्यार्थी झाले. सॅन दिएगोला दोन वर्षं जीवशास्त्राच्या वर्गात बसले. २००९ चं नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं, पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोझोमची रचना उलगडल्याबद्दल. लोक शेवटचं वाक्य सांगतात. मी मधलं सांगते, पीएचडी झाल्यावर पुन्हा वर्गात बसल्याचं.

डीएनएची रचना मांडणाऱ्यांतले फ्रान्सिस क्रिक, त्यांची पहिली पदवी फिजिक्सची. मद्रासचे जी. एन. रामचंद्रन फिजिक्सचेच. १९५४ मध्ये त्यांनी कोलॅजन या प्रथिनाची तीनपेडी वेणी मांडली, १९६३ मध्ये तो आलेख दिला जो आजही प्रत्येक प्रथिनाची रचना तपासायला वापरतात, आणि पुढे आयआयएस्सीत मॉलिक्युलर बायोफिजिक्सचा विभाग उभा केला. प्रथिनांच्या रचनेवरच्या कामासाठी २०२४ चं रसायनाचं नोबेल ज्यांना मिळालं त्यांतले जॉन जम्पर यांनी पदवी घेतली ती फिजिक्स आणि गणिताची. त्याच वर्षीच्या फिजिक्सच्या नोबेलचे जॉन हॉपफिल्ड यांनी पेशी जनुकीय माहितीची नक्कल करताना चुका कशा टाळते यावर १९७४ मध्येच काम केलं होतं.

यांतल्या कोणाच्याही पदवीवर 'बायो' लिहिलेलं नव्हतं. पण यावरून 'फिजिक्स घ्या, बायो आपोआप येईल' असा अर्थ काढू नका. बायो आपोआप येत नाही. ते उशिरा शिकता येतं, एवढंच. गणिताची सवय विसाव्या वर्षी लागली नाही तर तिसाव्या वर्षी लावणं जड जातं. जीवशास्त्रातून येऊन उत्तम मॉडेलिंग करणारे लोक आहेत, पण त्यांना विचारा, प्रत्येकाने कधीतरी दोन वर्षं गणिताला दिलेली असतात.

माझ्याकडे बारावीला बायो ग्रुप होता, गणित नाही. दार बंद झालं का?

फिजिक्स मेजरला बहुतेक ठिकाणी बारावीचं गणित मागतात. आयसरची आयएटी परीक्षा मात्र चारपैकी कोणतेही तीन विषय असलेल्यांना देता येते. पण पेपरात भौतिक, रसायन, जीव, गणित चौघांचेही पंधरा-पंधरा प्रश्न असतात आणि चूक झाली की गुण कापतात. तेव्हा सुट्टीत कॅल्क्युलस घेऊन बसावं लागेल. प्रवेश मिळाला तरी पहिल्या वर्षी गणित आहेच.

दोन महिने रोज दोन तास गणित करून बघ. दोन महिन्यांनंतर तू वही उघडतेस की टाळतेस, यावरून कळेल.

प्रवेश परीक्षा कोणकोणत्या?

आयसरसाठी आयएटी. नायसर भुवनेश्वर आणि मुंबईच्या सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्या संस्थेसाठी नेस्ट. अनेक केंद्रीय आणि इतर विद्यापीठांसाठी सीयूईटी. आपल्या सरकारी कॉलेजांसाठी ई-प्रवेशवर बारावीच्या गुणांवर. पदवीनंतर एमएस्सीसाठी आयआयटींची जॅम. जॅममध्ये फिजिक्सचा पेपर आहे, बायोटेक्नॉलॉजीचा आहे, बायोफिजिक्सचा नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागेल.

पदवीवर 'बायोफिजिक्स' लिहिलं म्हणून नोकरीत अडतं का?

कुठे अडतं आणि कुठे नाही, हे वेगवेगळं सांगावं लागेल.

संशोधनात अडत नाही. तिथे तुम्हाला काय येतं ते विचारतात. अडतं ते सरकारी रकान्यात. प्राध्यापकी आणि संशोधन-शिष्यवृत्तीसाठीच्या नेट परीक्षेत विज्ञानाचे पाच गट: भौतिक, रासायनिक, जीव, गणित, पृथ्वी. जीवभौतिकीचा वेगळा गट नाही. जीवशास्त्राच्या पेपरात त्यातला काही भाग येतो, पण बाकीचा पेपर परिसंस्थेपासून वनस्पतींपर्यंत सगळ्याचा. शाळेत वर्ग एकचा, म्हणजे अकरावी-बारावीचा, फिजिक्सचा शिक्षक व्हायचं तर फिजिक्सचीच एमएस्सी आणि बीएड. पडताळणीच्या खिडकीवर बसलेला माणूस गुणपत्रिकेवरचं नाव वाचतो, आतले विषय वाचत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचा फॉर्म कोर्सच्या नावात एक शब्द जास्त होता म्हणून तीन वेळा परत आला. शेवटी विद्यापीठातून समकक्षतेचं पत्र आणावं लागलं. त्यात एक वर्ष गेलं.

मेडिकल फिजिक्सचं तर फार स्पष्ट आहे. अणुऊर्जा नियामक परिषदेच्या नियमांनुसार मेडिकल फिजिसिस्ट व्हायला पदवीला फिजिक्स मुख्य विषयांत हवं, मग एक तर फिजिक्सची एमएस्सी आणि त्यावर रेडिऑलॉजिकल किंवा मेडिकल फिजिक्सची पदविका, जशी मुंबईत बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) देते, नाहीतर थेट मेडिकल फिजिक्सची एमएस्सी, आणि मग रेडिओथेरपी विभागात वर्षभर इंटर्नशिप. म्हणजे नावात 'मेडिकल' असलेल्या या वाटेचा पायाही साध्या फिजिक्सचाच. सुरुवातीला बायोकडे वळलेल्या मुलांना हे पाचव्या वर्षी कळतं, तेव्हा फार वाईट वाटतं.

नुसत्या बीएस्सीवर थांबायचं असेल तर दोन्हींपैकी कोणतीही पदवी फार काही देत नाही. बँकेच्या परीक्षेला दोन्ही सारख्याच चालतात.

हे असलं काम इंदुरात कुठे चालतं का, की सगळं बेंगळुरूलाच?

चालतं, आणि आपल्या शहराला त्याचा पत्ता नाही याची मला खंत आहे. छप्पन दुकान या खाऊच्या बाजारात किती दुकानं आहेत हे कोणीही सांगेल, पण राजेंद्रनगरच्या पुढे काय आहे विचारलं की लोक म्हणतात, 'कॅट ना, ते सरकारी काहीतरी.'

कॅट म्हणजे आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, १९८४ चं. नाव २००५ मध्ये बदललं, इंदूरकरांच्या तोंडी अजून कॅटच आहे. तिथे इंडस-२ नावाचं सिंक्रोट्रॉन आहे. सुमारे १७२ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने फिरतात, २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने. चुंबकाने त्यांना वळवलं की ते प्रखर एक्स-रे सोडतात. त्या कड्याभोवती वेगवेगळ्या बीमलाइन, म्हणजे ते किरण बाहेर काढून वापरायच्या जागा, आहेत आणि त्यांतली एक प्रथिनांच्या क्रिस्टलसाठीच आहे. कणभर क्रिस्टल त्या किरणांत धरायचा, ठिपक्यांचा नकाशा घ्यायचा, आणि त्यावरून अणू कुठे बसलेत ते मांडायचं. हे तंत्र सारखंच, मग यंत्र परदेशात असो की आपल्या सुखनिवासला.

त्याच केंद्रात लेझरच्या जैववैद्यकीय उपयोगांवर काम करणारा गट आहे. तोंडाचा कॅन्सर लवकर ओळखण्यासाठी त्यांनी प्रकाशावर चालणारं उपकरण केलं, ऑन्कोडायग्नोस्कोप. आपल्याकडे गुटख्याची काय अवस्था आहे ते सांगायला नको. म्हणून मला ते सगळ्यांत जवळचं वाटतं. आणि चोइथराम मंडीत, जिथे आपण कांदे घ्यायला जातो, तिथे याच केंद्राच्या इलेक्ट्रॉन-झोताने वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करतात. मंडीच्या आवारात कणत्वरक! पाहुण्यांना मी राजवाड्याआधी हे सांगते.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास केंद्रात विद्यार्थ्यांसाठी दारं उघडतात. शाळा-कॉलेजमार्फत नाव द्यावं लागतं. बारावीच्या वर्षी जमणार नसेल तर अकरावीतच जा. ते कडं एकदा डोळ्यांनी पाहिलं की माझ्यासारखीच्या चार तासांच्या बडबडीची गरज उरत नाही. खंडवा रोडला तक्षशिला परिसरात अहिल्या विद्यापीठाचे फिजिक्स आणि लाइफ सायन्सचे विभाग एकाच आवारात आहेत, आणि पुढे सिमरोलला आयआयटीत जैवविज्ञान आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा विभाग आहे. एका रस्त्यावर तीन वेगवेगळ्या वाटा. रविवारी स्कूटरवर एक चक्कर मारून या.

कोडिंग लागतं का?

लागतं. दोन्हीकडे. पायथन पहिल्याच सुट्टीत शिक.

मुलगा प्रयोगात रमतो, मायक्रोस्कोपखाली तासन्‌तास बसतो, पण गणिताच्या वहीला हात लावत नाही.

मग त्याला बायोटेक्नॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजीत जाऊ द्या, आणि अभिमानाने जाऊ द्या. 'फिजिक्सला वजन आहे' म्हणून त्याला मॅक्सवेलच्या समीकरणांत तीन वर्षं कोंडू नका. त्याचंच उलटं टोकही असतं. रात्री गच्चीवर दुर्बीण लावून बसणाऱ्या मुलीला 'बायोमध्ये स्कोप आहे' म्हणून पेशीकडे वळवणारे वडीलही माझ्या ओट्यावर येऊन गेलेत. तिला कृष्णविवरं हवी होती. तिने फिजिक्स घेतलं. वडील अजून भेटले की स्कोपबद्दल बोलतात.

तीन वर्षं करावी की चार?

संशोधनाकडे जायचं असेल तर चार. पण चौथं वर्ष 'ऑनर्स विथ रिसर्च' हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, आणि ते पहिल्या सेमिस्टरपासून मोजले जातात. पहिलं वर्ष नवीन कॉलेजच्या हवेत घालवून तिसऱ्या वर्षी जागे झालात तर गणित जुळत नाही. ७५ टक्क्यांसह चार वर्षं पूर्ण केली तर थेट पीएचडीसाठीही पात्र ठरता येतं. मात्र तुमच्या कॉलेजात प्रोजेक्ट घेणारं कोण आहे ते आधी बघा. मार्गदर्शक नसेल तर तीन वर्षांत बाहेर पडून चांगल्या ठिकाणी एमएस्सी करणं जास्त शहाणपणाचं.

आजी विचारतात, या पोरीला शेवटी म्हणायचं काय? डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही.

पीएचडी झाली की डॉक्टरच म्हणतात, आजी. फक्त सर्दीचं औषध देता येणार नाही.

तुम्हाला भेटायला यायचं तर काय आणावं?

गुणपत्रिका नको, ती मी बघत नाही. ज्या दोन-तीन कोर्समध्ये मन अडकलंय त्यांच्या आठही सेमिस्टरच्या विषयांच्या याद्या छापून आणा. मोबाइलवर दाखवू नका, पेन्सिलीने खुणा करायच्या असतात. मुलाला किंवा मुलीला सोबत आणा. गेल्या वर्षी सात जण मुलांशिवायच आले होते. आणि सकाळी दहाच्या आत या, त्यानंतर ओट्यावर ऊन येतं.